पार्किंगचे पाणी गाळताना

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत गच्चीबरोबर पार्किंगचेही पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलेले आहे, हे मला कमिटीवर आल्यानंतर समजले. मृगाच्या पहिल्या सरीनंतर चेंबरचे झाकण उचलले, तर पाण्यावर तेलाचा तवंग आणि तळाशी काळा गाळ. उन्हाळाभर फरशीवर साचलेले ऑइल, टायरची झीज आणि ब्रेकची धूळ पहिल्या पावसातच सर्वाधिक वाहून येते. ती लाइन आम्ही त्याच आठवड्यात बोअरपासून तोडली.

मात्र ते पाणी पावसाळी गटारात सोडावे, हा सोपा मार्ग मला पटेना. कारण हे गटार मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, ओढ्यामार्गे थेट मुठा नदीला मिळते. पार्किंग ४०० चौरस मीटरचे, म्हणजे १० मिलिमीटर पावसात ४,००० लिटर पाणी. तेवढे तात्पुरते थोपवण्यासाठी बागेच्या कडेला १० मीटर लांब व २ मीटर रुंद खड्डा घेतला आणि वर २० सेंटिमीटर खोली मोकळी ठेवली. तळाशी खडीत छिद्रांचा पाइप, त्यावर बारीक खडी, मग वाळू, आणि तिच्यात कर्दळ व वाळा. माळीकाकांना भरपूर शेणखत हवे होते. परंतु त्यातील नत्र व स्फुरद पाण्याबरोबर बाहेर पडते, म्हणून ते मी मूठभरच घालू दिले, आणि त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

दुसऱ्याच मोठ्या पावसात पाणी तुंबले आणि तीन दिवस हलेना. डासांच्या तक्रारी आल्या, त्या रास्तच होत्या. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, न धुता भरली होती आणि दगडाच्या भुकटीने तिची छिद्रे बुजली होती. शिवाय पार्किंगचा गाळ थेट वाळूवर येत होता. वाळू उपसून, धुऊन पुन्हा भरली आणि खड्ड्याच्या अलीकडच्या बाजूला, पाणी आत येण्याआधी, विटांचे गाळ-चेंबर बांधले. त्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचे तोंड एल्बो (काटकोनी जोड) लावून पाण्याखाली वळवल्याने तवंग चेंबरमध्येच अडतो. मी आरंभापासून तेलाचाच विचार करत होतो. पण जस्त, शिसे आणि तेल यांचा बराचसा अंश बारीक गाळाला चिकटूनच येतो, त्यामुळे गाळ अडला की निम्मे काम होते. विरघळलेले क्षार मात्र वाळूतून पार होतात.

आता दर मे महिन्यात चेंबर उपसतो. तो काळाभोर गाळ पाहून माळीकाका दरवर्षी तो गुलाबांना मागतात आणि मी दरवर्षी नाही म्हणतो.