तुमची रातराणी फुलत का नाही?

दर पावसाळ्यात आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातलं कुणीतरी फोन पुढे करतं. फोटोत डोक्याच्याही वर गेलेलं हिरवंगार झुडूप आणि प्रश्न ठरलेला : "काकू, एवढी वाढलीय, पण फुलाचा पत्ता नाही. तुमच्याकडे तर गल्लीच्या तोंडाशीच वास येतो. घालता तरी काय?" परवा मंगळागौरीच्या गडबडीत तुम्हीही विचारलंत आणि मी "नंतर सांगते" म्हणून पोळ्यांकडे पळाले. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत सांगते.

घालत काही नाही. कापते.

रातराणीला फुलं येतात ती नव्या फुटव्यांवर. जुन्या फांद्या लांब होतात, खालून उघड्या पडतात आणि शेंड्याला पानांचा झुपका तेवढा राहतो. पहिली चार वर्षं माझ्याही हातून कात्री चालेना. घरचं झाड, त्यातून हिरवं, कापायचं कसं? शेवटी गाडीवरून रोपं विकणारे एक भय्या फाटकाशी थांबून म्हणाले, "भाभीजी, इसको पूजो मत, काटो." त्या फेब्रुवारीत, थंडी सरल्यावर, मी ती गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी उतरवली. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मे महिन्यात तिनेच सगळ्यांची तोंडं बंद केली.

तेव्हापासून वर्षातून एकदा मोठी छाटणी आणि प्रत्येक बहर ओसरला की शेंड्याकडचा तिसरा हिस्सा कापायचा. ती रोज फुलत नाही, हेही लक्षात असू द्या. आठ-दहा रात्री घमघमाट, मग काही आठवडे एकदम गप्प. याच गप्प दिवसांत माणसं घाबरतात आणि खताची पिशवी उघडतात.

खताचं सांगायचं तर ही वांगी, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातली. धोतरा आणि तंबाखूही त्यातलेच. अंगणात मिरची लावलेल्या कुणालाही विचारा : युरिया जास्त झाला की पानं ही एवढी आणि मिरची शोधावी लागते. इथेही तेच. वर्षातून दोनदा ओंजळ-दोन ओंजळ जुनं शेणखत पुष्कळ झालं. आणि ऊन! रात्री फुलते म्हणून हिला उन्हाशी काय करायचंय, अशा समजुतीने लोक तिला भिंतीआडच्या सावलीत ढकलतात. दिवसाला पाच-सहा तास तरी ऊन हवंच.

आता आपल्या मालव्याच्या काळ्या मातीचं. माझी पहिली रातराणी जुलैत मेली. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून भर पावसात आणखी पाणी घातलं! उपटली तर मुळं काळी, लिबलिबीत, सडक्या वासाची. ही माती पाणी धरून बसते, सोडत नाही. दुसऱ्या वेळी जमिनीपासून अर्धा फूट उंच वाफा केला, तळाशी विटांचे तुकडे, मातीत रेती आणि शेणखत. शिवाय नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून नळ सुटला की रबराची नळी तिच्या बुंध्याशी टाकून देण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती सोडा. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी.

नर्सरीत घेताना 'दिन का राजा' तर गळ्यात पडत नाही ना, तेवढं बघा. भावंडच ते, पण वास दिवसा देतं. फळं धरलेली असतील तर ओळख सोपी : रातराणीची पांढरी, त्याची काळी. दोन्ही विषारी. घरात रांगतं मूल किंवा चघळाचघळी करणारं कुत्रं असेल तर फळं धरू देऊ नका, फुलं सुकली की तुरे खुडून टाका.

सापाचंही सगळे विचारतात. वासाला भुलून साप येतो हे काही खरं नाही. पण खाली पालापाचोळा साठला, फांद्या जमिनीला टेकल्या की तिथे बेडूक-उंदीर येतात आणि त्यांच्यामागे तो येऊ शकतो. बुंधा वीतभर मोकळा ठेवला की झालं.

दिवसा या फुलात बघण्यासारखं काही नाही. हिरवट पांढरी, पेरभर लांब, काडीसारखी नळी. नाकाशी धरली तरी वास जवळजवळ नाहीच. दिवेलागणीनंतर तिचं टोक पाच ठिकाणी उकलतं, चिमुकली चांदणी होते, आणि मग अंधारात कुठूनसे पतंग येऊन तिच्यापुढे थरथरत राहतात. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 मध्ये तिचं नाव सेस्ट्रम नॉक्टर्नम ठेवलं, म्हणजे रात्रीचीच. मूळची ती तिकडची, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडिजची. पण ज्या गावात 'शब-ए-मालवा', म्हणजे मालव्याची रात्र, अभिमानाने सांगतात तिथे तिला परकी कोण म्हणेल?

एक चूक मात्र माझी थेट सासूबाईंना भोवली. हौसेने ती त्यांच्या खिडकीखाली लावली होती. बहर आला की रात्री त्यांचं डोकं चढायचं, सकाळी तोंड आंबट. बंद खोलीत हा वास सगळ्यांना सोसत नाही आणि दम्याच्या माणसाला तर अजिबात नको. म्हणून आता ती फाटकाच्या कोपऱ्यात आहे, खिडकीपासून बारा-पंधरा पावलांवर.

रोप विकत घेऊ नका. छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या, वीतभर लांबीच्या, दोन डोळे मातीत जातील अशा मी आषाढात खोचते. यंदा नऊ लावल्या, सहा जगल्या. दोन तुमच्यासाठी ठेवल्यात. न्यायला आठच्या आत या, कारण आठनंतर सासूबाई ओटल्यावर खुर्ची टाकून बसतात, आणि फाटकाचा दिवा लावलेला त्यांना चालत नाही.