आमची वाटचाल : ‘बसवून देतो’पासून गेजपर्यंत

आमच्या मशीन शॉपच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक जुनं इंग्लिश लेथ मशीन दिसतं. चाळीस वर्षांपूर्वी आबांनी ते भंगारात वजनावर घेतलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात बसवलं आणि आमचा धंदा सुरू झाला. त्याच्या हेडस्टॉकवर, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या डोक्याच्या भागावर, एक पितळी पट्टी आहे : ‘वॉर फिनिश’. लहानपणी मला ते कंपनीचंच नाव वाटायचं. खरा अर्थ फार उशिरा कळला. दुसऱ्या महायुद्धात मशिनांची एवढी निकड होती की बाहेरचं बीड (ओतीव लोखंड) घासूनपुसून चकचकीत करायला कुणाला सवड नव्हती. स्पिंडल, गिअर, बेड सगळं नीट, फक्त वरचा साज कमी. ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ही पट्टी.

त्या पट्टीचा माग काढताना मला युद्धकाळातल्या कारखान्यांची जुनी कृष्णधवल चित्रणं सापडली, आणि मी त्यांत गुंतलो तो गुंतलोच. रात्री शॉप बंद केल्यावर बघत बसायचो. सगळ्यात जास्त बघितलं ते मर्लिन इंजिन. रोल्स-रॉइसचं बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं विमानाचं इंजिन. स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर या विमानांत बसलेलं. जवळजवळ दीड लाख मर्लिन बनली. एका फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या पोलादाच्या तुकड्यातून, अख्खा क्रँकशाफ्ट टर्न होताना बघितला की आमच्यासारख्याचे हात शिवशिवतात.

पण माझा धंदा बदलला तो त्या इंजिनाच्या एका गोष्टीनं. मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्कला फोर्डनं मर्लिन बनवायचं ठरलं. रोल्स-रॉइसचे इंजिनिअर स्टॅन्ली हूकर यांनी आठवणींत लिहून ठेवलंय, की फोर्डचे मुख्य इंजिनिअर त्यांना म्हणाले, या ड्रॉइंगवर आम्हाला इंजिन बनवता येणार नाही. हूकरना वाटलं, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, फार बारीक आहे म्हणून असेल. उत्तर उलटं आलं : टॉलरन्स फार ढिला आहे. रोल्स-रॉइसकडे हाताचे पक्के फिटर होते, ते एकेक जोडी जुळवून घ्यायचे. फोर्डला मात्र कुठल्याही पेटीतला कुठलाही भाग कुठल्याही इंजिनात तसाच बसायला हवा होता. त्यांनी ड्रॉइंग नव्यानं काढली, त्यात वर्षभर गेलं, आणि मग त्या कारखान्यातून ३० हजारांवर इंजिनं बाहेर पडली.

हे वाचलं तेव्हा मला आबाच दिसले. आमचं काम म्हणजे ऑइल इंजिन आणि पंपाचे शाफ्ट, आणि शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश. आबा शाफ्टला प्रशियन ब्लू हा निळा रंग लावायचे, बुशमध्ये फिरवून बाहेर काढायचे, जिथं निळा डाग लागला तिथं स्क्रॅपरनं हलकेच खरवडायचे. चार-पाच वेळा असं केलं की शाफ्ट तेलावर सरकल्यासारखा फिरायचा. मग दोन्हींवर एकच नंबर पंच करायचा, साताचा बुश साताच्या शाफ्टला. गिऱ्हाइकाला त्यांचं एकच वाक्य असायचं, “आणा, बसवून देतो.” त्या शब्दावर आमचं घर चाललं. पण बुश झिजला की शेतकऱ्याला पंप उचलून पुन्हा आमच्याच दारात यावं लागायचं, आणि ऐन पाण्याच्या पाळीला तो दोन दिवस थांबायचा. हे मला आधी कधी टोचलंच नव्हतं.

माप बसतं की नाही ते दाखवणारं दोन बाजूंचं गो-नो-गो गेज घ्यायचं म्हटल्यावर आबा दोन दिवस बोलले नाहीत. २५ मिलिमीटरचं भोक २५.००० ते २५.०२१ च्या आत हवं. गो बाजू अलगद आत जावी, नो-गो तोंडाशीच अडावी. पहिल्या दिवशी आमच्या चाळीस बुशांपैकी अकरा पास झाले. आबांनी नापास झालेले एकेक हातात घेऊन बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन ते टूल पुन्हा सेट करत होते.

फटकाही बसला. अमेरिकेला जाणाऱ्या एका हाउसिंगचं काम मिळालं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं, कापलेल्या शंकूचं ते छोटं चिन्ह मी नीट बघितलं नाही. ड्रॉइंगवर व्ह्यू मांडायची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल, त्यांच्याकडे थर्ड अँगल. बाजूचा व्ह्यू उलट्या अंगाला काढलेला असतो. भोक विरुद्ध बाजूला पडलं, २४० जॉब भंगारात गेले. माल आणि मजुरी आमच्या अंगावर आली, सहा महिने हप्ते थकले. नंतर कळलं, अमेरिकेत डेट्रॉइटच्या पॅकार्ड या मोटार कंपनीनं मर्लिन बनवायला घेतलं तेव्हा आधी ब्रिटिश ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये उतरवून घेतली. आटे मात्र ब्रिटिशच ठेवले, आणि ते आटे पाडायचे टॅप तिकडे मिळत नव्हते म्हणून तेही स्वतःच बनवले. त्यांनी ५५ हजारांवर इंजिनं दिली. आता आमच्याकडे ड्रॉइंग आलं की ते चिन्ह लाल पेनानं गोल केल्याशिवाय मशिनवर जात नाही.

त्या चित्रणांत आणखी एक गोष्ट ठळक दिसते : कॅप्स्टन लेथवर, माप तपासायच्या टेबलांवर रांगेनं बायका. ट्रॅफर्ड पार्कला त्या सात हजारांवर होत्या, बऱ्याच जणी या कामाला नवख्या. ग्लासगोजवळ हिलिंग्टनच्या रोल्स-रॉइस कारखान्यातही तसंच. ते बघूनच मी इन्स्पेक्शनला गल्लीतल्या दोघीजणी घेतल्या. आज आमच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या तीन सीएनसी मशिनांपैकी दोन बायकाच चालवतात. ऑफसेट, म्हणजे टूल झिजल्यावर मापाची दुरुस्ती, कधी द्यायचा हे त्यांच्याइतकं नेमकं मलाही जमत नाही, हे मी मनापासून सांगतो.

आबा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या लेथवर आता फक्त आमच्या कामाची जॉब पकडायची साधनं, फिक्स्चर आणि मँड्रेल, होतात. खंडेनवमीला पहिला हार त्यालाच. नवीन पोरं उत्साहानं पितळी पट्टीला पॉलिश मारायला जातात, तेवढं मी करू देत नाही. अक्षरं आधीच पुसट झालीत.