भंगाराच्या गाडीतलं बॅरल

कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत मी सेफ्टी आणि पर्यावरणाचं बघतो. म्हणजे एमपीसीबीचे, प्रदूषण मंडळाचे, रिटर्न भरा, जळक्या ऑइलचे बॅरल मोजा, हेल्मेट घाला म्हणून दिवसभर ओरडा, असलं सगळं. भंगाराची गाडी काट्यावर आली की सर्व्हे मीटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं यंत्र, घेऊन तिच्याभोवती फिरायचं हे पण माझ्याकडंच. आकडा रोजचा ठरलेला, ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, त्यामुळं पोरं हसायची, साहेबांची प्रदक्षिणा झाली का म्हणून.

त्या दिवशी गाडीच्या मागच्या कोपऱ्याला मीटर ओरडायलाच लागला. ड्रायव्हर मामा म्हणाले, "सेल उतरलं असतील ओ." लांब गेलो की आकडा खाली, परत कोपऱ्याशी आलो की वर. सेलचा प्रश्नच नव्हता. गाडी मागच्या मोकळ्या जागेत लावली, दोरी बांधली, सगळ्यांना लांब केलं. अंतर दुप्पट केलं की रेडिएशन साधारण पावपट होतं, त्यामुळं अशा वेळी पहिलं काम एकच, लांब व्हायचं, शूरपणा नंतर.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला लॉटमध्ये जुन्या जहाजाचा माल होता, त्यातलं एक बॅरल तसंच चढवलंय. लांबूनच बघितलं तर बॅरलमध्ये निम्म्यापर्यंत काळं ऑइल आणि गाळ, त्यात जुने गेज, घड्याळासारख्या डायली, आकड्यांवर पिवळट जाड रंग आणि तो खपल्या खपल्या होऊन सुटलेला. रेडियमचा रंग, किरणोत्सारी, डायल अंधारात दिसावी म्हणून पूर्वी लावायचे तो. आमचा एक लोडर म्हणतो, "आंधारात चमकत न्हाई साहेब, मेलंय ते." चमकायचं बंद होतं ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड झिजतं म्हणून. रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात, ते कसलं मरतंय! आणि त्याची खपली पोटात किंवा श्वासात गेली की बाहेरून लागणाऱ्या किरणांपेक्षा वाईट, म्हणून कुणालाच हात लावू दिला नाही.

मालक आले. पहिलंच वाक्य, "गाडी परत लावा, आपल्या गेटाच्या आत आलीच नाही." खरं सांगतो, निम्म्या ठिकाणी हेच होत असणार. मी म्हणलं मालक, परत गेली तर तो दुसरीकडं विकणार आणि तिथं मीटर नसणार. २०१० ला दिल्लीत मायापुरीत काय झालं, युनिव्हर्सिटीतलं जुनं किरणोत्सारी कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात भंगारात गेलं, तिथं ते फोडलं आणि एक माणूस गेला. आणि भट्टीत पडलं तर अजून वेगळाच खेळ. कोबाल्ट लोखंडातच राहतं, रेडियम बहुतेक स्लॅगमध्ये, म्हणजे वरच्या मळीत उतरतं, सिझियम धुरातनं धूर गाळायच्या बॅगफिल्टरच्या धुळीत जाऊन बसतं. २००८ ला फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं, ते स्टील भारतातनं गेलेलं. एक्सपोर्टचं नाव काढलं तसे मालक गप्प झाले. माणूस मेला त्यापेक्षा बटणं जास्त लागली त्यांना, असो.

पण खरी डोकेदुखी पुढंच होती. नुसत्या डायली असत्या तर एक खातं, नुसतं ऑइल असतं तर दुसरं. इथं खपल्या गाळात मिसळलेल्या. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम किरणोत्सारी कचरा स्वतःच्या बाहेर ठेवतात, तो तेव्हा अणुऊर्जा कायदा १९६२ आणि त्याखालच्या १९८७ च्या नियमांत यायचा. रांजणगावला आमचा घातक कचरा जातो तिथं हे बॅरल घेणार नाहीत आणि घेऊ पण नये. मुंबईला एईआरबीला, म्हणजे किरणोत्सारी गोष्टींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या मंडळाला कळवलं, पण ऑइल तर माझ्या रजिस्टरला चढणारच, आणि घातक कचरा ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही हा नियम डोक्यावर. सासर-माहेर दोन्हीकडनं टाकलेल्या पोरीसारखं ते बॅरल. मी एमपीसीबी आणि एईआरबी दोन्हीकडं एकच पत्र पाठवलं, प्रत दुसऱ्याला, म्हणजे पुढं कुणी मला माहीतच नव्हतं म्हणायला नको.

मधल्या काळात एक जण आयडिया घेऊन आला, हे चार बॅरलमध्ये वाटून भुसा टाकू, मीटर गप्प बसेल. मीटर बसेल की! पण रेडियम तेवढंच राहणार आणि एका बॅरलचा घोळ चार बॅरलचा होणार. बॅरल झाकलं, मोकळ्या शेडमध्ये ठेवलं कारण रेडियममधनं रेडॉन वायू निघतो, बंद खोलीत तो साठतो. पिवळी पाटी लावली, रोज आकडा लिहीत गेलो.

माहितगार लोक आले तेव्हा त्यांनी घाई अजिबात केली नाही. मास्क, ग्लोव्ह्ज, खाली प्लास्टिक अंथरून डायली वेगळ्या काढल्या, गाळ वेगळा भरला, वरचं ऑइल गाळून परत मोजलं आणि लेखी क्लिअर दिल्यावरच तेवढं माझ्या रजिस्टरला आलं. बाकी सगळं, पुसलेल्या चिंध्यांसकट, सील करून ते घेऊन गेले. ९० दिवसांच्या आत बसलं, नशीब.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन. "साहेब, त्या डायलीत पितळ होतं ओ, त्याचं वजन कापलं की तुम्ही." मालक भडकले, एक रुपया द्यायचा नाही म्हणाले. मी म्हणलं द्या, वरनं चहा पण पाजा. नाही दिले तर पुढच्या वेळी पितळासाठी तो असली डायल आपल्या गेटवर आणायच्या आधी स्वतःच्या वाड्यात घणानं फोडणार. शेवटी निम्मे दिले. आता त्याच्या गाडीत बॅरल असलं की आधी फोन येतो, "मीटर घेऊन या."