उसवण

घटस्थापनेला चार दिवस राहिले की घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आमच्याकडची रीत शहरात येऊनही मी सोडलेली नाही. गावी त्यासाठी ओढा होता आणि इथे गच्चीवरचा नळ आहे, एवढाच फरक. यंदा आजीची गोधडी पिळून दोरीवर टाकली आणि ती वाळेपर्यंत तिच्या टाक्यांकडे पाहत बसले. भिजलेली गोधडी उचलताना कमरेत उसण भरली होती, हे तिथे बसण्याचे खरे कारण.

मला उसवण्याची खोड आहे. गेले दोन महिने रिंगवर एक मोर ताणून ठेवला आहे आणि त्याच्या मानेचा साखळी टाका मी तीनदा उसवला आहे. आता तिथल्या कापडाला सुईची इतकी भोके पडली आहेत की मोराला देवी येऊन गेल्यासारख्या दिसतात. याचे मूळ शाळेतल्या शिवणाच्या तासात आहे. आमच्या बाई रुमालाची सुलट बाजू कधी पाहतच नसत. ‘पालथा करा’ म्हणत, आणि मागच्या गाठी मोजून गुण देत.

आजीची गोधडी त्यांच्यासमोर टिकली नसती. ती शिवायला घेतली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. चैत्रातल्या दुपारी अंगणातल्या सावलीत आधी एक लुगडे अंथरले जाई, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले जात, वर जुनी धोतरे आणि सदऱ्यांचे तुकडे सुरकुती न पडू देता पसरले जात आणि शेवटी सर्वांत मऊ लुगड्याने ते सगळे झाकले जाई. मग कडेपासून धावदोरा सुरू होई आणि बोटभर अंतर राखत, चौकोनात चौकोन घालत मध्याकडे सरकत जाई. मीही हट्टाने एक बाजू शिवली. माझा एक टाका तांदळाएवढा तर दुसरा करंगळीएवढा पडला, आणि ओळ तर पावसाच्या पाण्याने वाट काढावी तशी गेली. ते पाहून मीच रडकुंडीला आले आणि उसवायला कात्री मागू लागले, तेव्हा आजी म्हणाली, “उसवू नगंस. दोरा काय झाडाला लागतोय? अंगावर घेतल्यावर कुनाला दिसतंय?”

अलीकडे वाकड्या टाक्यांचे फार कौतुक होते, तेव्हा मला हा दोरा आठवतो. अमेरिकेत 1880 च्या दशकात रेशीम आणि मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडून, प्रत्येक सांध्यावर भरतकाम करून ‘क्रेझी क्विल्ट’ करण्याची लाट आली होती. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तिथल्या बायकांनी पाहिलेल्या जपानी वस्तूंचा हा परिणाम, असे मानले जाते. त्या गोधड्या दिसायला सुंदर आहेत. पण त्यातल्या बऱ्याचशा पांघरण्यासाठी नसून दिवाणखान्यात मांडण्यासाठी होत्या आणि त्यातला वाकडेपणा ठरवून कापलेला होता. त्यापेक्षा मला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची कवंदी ही गोधडी जवळची वाटते. तीही जुन्या कपड्यांची आणि कडेपासून आत शिवत नेलेली असते. तुकडे हाताला येतील तसे बसवले जातात. मात्र चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची छोटी ‘फुले’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. बाकी कसेही चालेल, पण फूल हवे, हा हिशेब मला पटतो. आजीला वाकडा टाका आवडत होता असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. शेजारणीच्या गोधडीतला वाकडा टाका तिला ओसरीवरून दिसत असे.

ऊन कलले तशी दोरीवरच्या गोधडीत उजेड तिरपा शिरला आणि माझी ती बाजू ओळखू आली. तिच्या आतल्या फेऱ्यांतले आजीचे टाकेही फारसे शिस्तीचे नव्हते; कुठे घाई दिसत होती, तर कुठे बोलण्याच्या नादात सुटलेली जागा. असे निम्म्या गोधडीपर्यंत होते.

त्या वैशाखात आजोबा गेले. अर्धी शिवलेली गोधडी गुंडाळून माळ्यावर गेली आणि तेराव्यानंतर आजीने स्वतःच ती खाली काढली. मधोमध आजोबांच्या पटक्याचा हातभर तांबडा तुकडा आहे, तो आधी ठरलेल्यात नव्हता. त्या महिन्यात ती घरात कोणाशी फारसे बोलली नाही, एवढे मला आठवते. त्या तुकड्याभोवतीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आहे आणि ओळी दोरी लावून आखल्यासारख्या सरळ आहेत. एकही टाका लहान-मोठा नाही.

मी गोधडी पालथी करून पाहिली. गाठ कुठेच सापडली नाही.