जलरंगातला दगड

सोलापूर, रविवार

सध्या मी जुन्या विद्यापीठांच्या इमारती जलरंगात रंगवतो आहे आणि आज फळीवर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर होता. वैशाखात हे काम पहाटेच उरकावे लागते. ऊन चढले की आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, निम्म्यावर येण्याआधीच त्याची कड वाळून रेघ उमटते.

टॉवर आणि त्याखालचे ग्रंथालय यांचा आराखडा इंग्लंडचे वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला, आणि तो करताना त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती. पुढेही ते कधी इकडे आले नाहीत. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ ते १८७८ या काळात हे काम झाले आणि टॉवरला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. येथले ऊन न अनुभवलेल्या माणसाने खोल कमानी काढाव्यात आणि शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला बाहेरून उघडे गोल जिने द्यावेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण चित्रकाराला हवी असलेली सावली त्या खोलपणातच साठलेली असते.

टॉवरचा तो कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड रंगवण्यापेक्षा राखावा लागतो. यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ थर देऊन उजेडाची बाजू जवळजवळ कोरीच सोडायची आणि तो पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या करड्या मिश्रणाने सावल्या एकाच थरात घालायच्या. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपोआप दिसू लागतो. प्रत्येक कमान, प्रत्येक मूर्ती शाईने रेखून मग रंग भरलेली चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत मेहनत असते, पण इमारतीवर ऊन पडलेले दिसत नाही, आणि माझ्या मते मग जलरंग वापरण्याचे कारणच उरत नाही.

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला ही रीत चालत नाही. जेम्स ट्रुबशॉ यांच्या आराखड्यावरून १८७१ साली पूर्ण झालेले गव्हर्नरांचे हे पूर्वीचे पावसाळी निवासस्थान काळसर दगडाचे आहे, आडवे पसरलेले आहे आणि त्याचा मनोरा एका बाजूला उभा आहे. तेथे दगडच गडद असल्यामुळे सावलीला वेगळे बळ उरत नाही. म्हणून मी मागची झाडे ओल्या कागदावरच ओला रंग सोडून धूसर ठेवतो आणि कमानींच्या कडांवर कागदाचा पांढरा राखतो. या इमारतीशी सोलापूरचे नाते जुने आहे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ सुरू होईपर्यंत येथल्या महाविद्यालयांतल्या मुलांच्या पदव्या पुण्याच्याच असत. त्या पिढीतल्या पदवीधरांना ते चित्र दाखवावे, असे मला फार वाटते. त्यामुळे राजाबाई टॉवरच्या घड्याळाचे काम थोडे लांबले तरी चालेल. उद्या पहाटे पुण्याचा मनोराच घेतो.