एका सहीचं काय ते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. विचारणारे तुम्ही पहिले नाही. दवाखान्यात विचारतात, लग्नात जेवताना विचारतात, एकाने तर स्मशानात गाठलं होतं. "डॉक्टर, म्हाताऱ्यांनी गाडी चालवूच नये असं आहे का तुमचं? एका सहीला एवढे आढेवेढे?" मी "तसं नाही हो" म्हणतो आणि विषय बदलतो. आता मीच अडुसष्टचा झालोय, कराडात आणि कराडबाहेर स्वतःची गाडी स्वतः चालवतो. तेव्हा एकदाचं काय ते सांगून टाकतो.

चाळिशीनंतर लायसन्स रिन्यू करायला डॉक्टरचा दाखला लागतो हे तुम्हाला माहीतच आहे, तो न्यायलाच तर तुम्ही येता. फॉर्म १-अ. पण त्यावर छापलंय काय, हे किती जणांनी वाचलंय? मीही वाचलं नव्हतं. बरीच वर्षं ड्रायव्हिंग स्कूलवाला गठ्ठा आणायचा, "डॉक्टर, पंधरा आहेत," आणि चहा निवायच्या आत पंधरा सह्या आणि पंधरा शिक्के. माणूस समोर असायलाच हवा असं काही नव्हतं. फोटो असायचा ना.

आधी म्हाताऱ्यांची बाजू मांडतो, कारण ती माझीही आहे. आम्ही पिऊन चालवत नाही. चालवताना मोबाइल बघत नाही, तो बसल्या जागी धड दिसत नाही तर चालवताना काय दिसणार! बेल्ट लावतो, चाळीसच्या वर जात नाही, मागून हॉर्न वाजला की बाजू देतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास १८ ते ४५ वयाची होती. हा आकडा मी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आलोय.

फेकताना एक गोष्ट सोयीस्करपणे गिळायचो. ते वय मेलेल्यांचं आहे. ठोकणाऱ्याचं किती होतं ते त्यात नाही. आणि साठीपुढचे रस्त्यावर असतातच किती? बँक, भाजी, दवाखाना, महिन्यातून एकदा पाली नाहीतर नरसोबाची वाडी. किलोमीटरच्या हिशेबाने आम्ही कुठे बसतो, ते त्या आकड्यातून कळत नाही.

आता ज्या दिवसामुळे हे सगळं सुरू झालं तो दिवस.

आमच्या शाळेत गणिताला एक सर होते. मला सातवी ते दहावी त्यांनी शिकवलं, म्हणजे शब्दशः हातावर शिकवलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते फॉर्म घेऊन आले. वय पंचाहत्तर. बाहेर पाऊस, आत पेशंटची रांग. सर रांगेत बसायला तयार नव्हते आणि मलाही त्यांना बसवणं जमलं नसतं. आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "काय रे डॉक्टर, पास करतोस का नापास?" मी हसलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय हे मला माहीत होतं. मार्चमध्ये मीच टॉर्च मारून बघितला होता आणि "अजून चालेल, दिवाळीनंतर काढून टाकू" असं सांगितलं होतं. तरी विचारल्यासारखं करून विचारलं, "सर, रात्री चालवत नाही ना?" "छे! रात्री मी चालवतच नाही." सही केली. शंभर रुपये घेतले नाहीत, वर त्यांना वाकून नमस्कार केला.

पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. छप्पन्नाव्या वर्षीही पाच आणि शहाऐंशीव्या वर्षीही पाचच. अमुक वयानंतर मिळणार नाही असं कायद्यात कुठे नाही. म्हणजे सरांना मी वयाच्या ऐंशीपर्यंतचं देऊन टाकलं, दोन मिनिटांत.

दिवाळी झाली. मोतीबिंदू राहिला, कारण आधी नातीचं बारसं होतं, मग थंडी होती, मग "संक्रांतीनंतर बघू."

जानेवारीत विट्याला एक साखरपुडा होता. दुपारचा. सर आणि काकू वॅगनआर घेऊन गेले. दुपारचा कार्यक्रम दुपारी संपला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. पण मुलाकडचे उशिरा आले, मग जेवणं, मग "चहा घेतल्याशिवाय कसे जाता," मग पानसुपारी. जानेवारीत आमच्याकडे सव्वासहाला सूर्य बुडतो. हे निघाले तेव्हा सहा वाजून गेले होते. सुर्ली घाट सरांनी नीट उतरवला. काकू नंतर म्हणाल्या, घाटात मी देवाचं नाव घेत होते, खाली उतरल्यावर घ्यायचं थांबले.

ओगलेवाडीच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी होती. आमच्या भागातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. कारखाने सुरू झाले की डबल ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. हिचा अ‍ॅक्सल तुटला होता. ट्रॅक्टर सोडवून नेला होता, आणि मागे इशारा म्हणून चार दगड आणि एक बाभळीची फांदी टाकली होती. समोरून एक ट्रक अप्पर लाइट मारत आला. सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या क्षणी समोर फक्त पांढरं होतं. काळं नाही, पांढरं. मोतीबिंदूत तसंच होतं, काच धुरकट असली की उजेड पसरतो आणि उजेडामागचं सगळं पुसलं जातं. चाक दगडावर चढलं तेव्हा त्यांनी गाडी उजवीकडे ओढली. उजवी बाजू वाचली. डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. डावीकडे काकू बसल्या होत्या.

मला फोन आला तेव्हा साडेसात झाले होते. हॉस्पिटलमध्ये पोचलो तर सर व्हरांड्यात बाकावर बसलेले. बेल्टचा वळ छातीवर, बाकी खरचटलेलंही नाही. कोटावर उसाची पानं चिकटलेली. मला बघून पहिलं वाक्य, "ट्रॉलीला लाइट नव्हता." नमस्कार नाही, काकू कशा आहेत नाही. "लाइट नव्हता रे. विचार कुणालाही."

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शिवाय कमरेचं. वाचल्या. पण नंतर वॉकरशिवाय चालल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो तेव्हा शुद्धीवर होत्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, भांडणाचा सूर नव्हता, "मी बसत नव्हते हो हल्ली त्यांच्या शेजारी. भीती वाटायची. तर ते तुमचा कागद दाखवायचे. डॉक्टरने सही दिलीय, बघ. तुमची सही बघून बसायला लागले परत."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा बीपी बघितलं.

त्याच आठवड्यात इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीच्या यजमानांची, प्रिन्स फिलिप यांची बातमी पेपरात होती. वय ९७, स्वतः गाडी चालवत होते, ठोकली, उलटली. डोळ्यांवर ऊन आलं म्हणाले. हॉस्पिटलच्या बाकावर तो पेपर पडला होता. फेब्रुवारीत त्या गृहस्थांनी लायसन्स परत केलं, तेव्हा मी सरांना जरा मुद्दाम सांगितलं. सर म्हणाले, "त्याच्याकडे ड्रायव्हर आहे."

सरांनी नंतर गाडी विकली. पण "लाइट नव्हता" हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि खरं सांगू? मीही बरेच दिवस सोडलं नव्हतं. खोटं तर नव्हतंच ते. पंचनाम्याला आलेला हवालदारच म्हणाला होता, असल्या ट्रॉलीवर पंचविशीतली पोरं धडकतात, तुमच्या सरांचं काय घेऊन बसलात. मी ते वाक्य दातांखाली धरून ठेवलं होतं. रात्री जाग आली की चघळायचो.

मग एके दिवशी दार लावून फॉर्म वाचला. लाल-हिरवा ओळखतो का. कानाने हॉर्न ऐकू येतो का. रातांधळेपणा आहे का. हातापायात व्यंग आहे का. आणि गाडीची नंबर प्लेट २५ मीटरवरून वाचता येते का, "दिवसाच्या चांगल्या उजेडात." चांगल्या उजेडात सरांनी ती वाचली असती. कदाचित. मी वाचायला लावली नव्हती, एवढंच मला खात्रीने सांगता येतं. समोरचा अप्पर डोळ्यांवर आल्यावर काय दिसतं, हे फॉर्म विचारत नाही. मान किती वळते, रस्ता विसरतो का, झोपेची गोळी घेतो का, हेही त्यात नाही.

त्यानंतर मी टेप आणला. दवाखान्याच्या पायरीपासून २५ मीटर मोजले तर समोरच्या पिठाच्या गिरणीची भिंत आली. भंगारवाल्याकडून एक जुनी प्लेट घेतली, एमएच ११ ची, म्हणजे साताऱ्याची, कराडला स्वतःचा एमएच ५० मिळायच्या आधीची, आणि कंपाउंडरने ती गिरणीच्या भिंतीला खिळ्याने ठोकली. आता सही पाहिजे असेल तर पायरीवर उभं राहायचं आणि वाचायचं. लोक हसतात. "डॉक्टर आरटीओ झाले." काही जण वाचता आलं नाही की प्लेटवर पीठ बसलंय म्हणतात. कधीकधी बसलेलं असतंही. मग कंपाउंडर फडकं घेऊन जातो.

मी फॉर्मच्या बाहेरचंही बघतो, आणि तुमचा राग बहुतेक त्याचाच आहे. मान वळवून मागचं कॅलेंडर वाचायला सांगतो. सर्दीच्या, झोपेच्या गोळ्या विचारतो. साखरवाल्यांचे पाय बघतो. तुम्हाला गंमत वाटेल, पण जुना मधुमेहवाला टेबलावर येऊन बसतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या एकाच पायात चप्पल असते. दुसरी व्हरांड्यात निसटलेली, त्याला पत्ताच नाही. तोच पाय ब्रेकवर असतो. किंवा ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटरवर.

म्हणून सही नाकारतो का? ऐका. गेल्या वर्षी एक एकाहत्तरचे गृहस्थ आले. बायकोचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, अठरा किलोमीटर. मुलगा नाही, मुलगी सुरतेला. एसटी त्यांच्या फाट्यावरून जाते, पण डायलिसिस झालेल्या बाईला फाट्यापासून घरापर्यंत चालवत न्यायचं? रिक्षावाला एका फेरीचे जे सांगतो ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी प्लेट वाचली, एक आकडा चुकला. मान डावीकडे अर्धी वळली. मी पेन हातात घेऊन बसलो. ते काही बोलले नाहीत, फक्त बायकोची फाइल मांडीवर होती ती सरळ करत राहिले.

मी सही केली.

चूक केली का? तेव्हा वाटलं नाही. नंतर वाटलं, काकूंना कुणी सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या. आता ते गृहस्थ मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी माझ्या दवाखान्यावरून जातात, हॉर्न देतात, मी हात करतो. आणि रविवार उजाडला की जरा बरं वाटतं.

ज्याला मी नाकारतो तो चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि दहा मिनिटांत दाखला घेऊन येतो, हे मला माहीत आहे. तिथल्या डॉक्टर पोराला मी नावं ठेवत नाही. त्याचा चहा अजून निवला नसेल.

राहता राहिला मी. मुलगी पुण्याहून फोन करते, "बाबा, रात्री गाडी काढू नका." मी म्हणतो, "रात्री मी चालवतच नाही." हे वाक्य कुणाचं आहे ते मला म्हणताना कळतं, तरी म्हणतो. खरं म्हणजे परवाच रात्री नऊला व्हिजिटला गेलो होतो, मलकापूरला. समोरचे लाइट हल्ली जरा जास्त पांढरे वाटतात. नव्या गाड्यांना एलईडी असतात, सगळेच तक्रार करतात. बघितलंत, मीही ट्रॉलीचा लाइट शोधतोच आहे.

माझं लायसन्स येत्या जूनमध्ये संपतंय. पायरीवर उभं राहून बघायला हरकत नाही, पण ती प्लेट मी रोज शंभरदा बघतो, नंबर झोपेतही सांगेन. म्हणून कंपाउंडरला म्हटलं, दुसरी आण, आणि नंबर मला दाखवू नकोस. त्याने आणलीय. पेपरात गुंडाळून औषधांच्या कपाटावर ठेवलीय. दोन आठवडे झाले, "ठोकू का?" म्हणून त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, गिरणीवाल्याला विचारून मग बघू.