कोयता नसलेलं कीर्तन

पेंटरला द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, म्हणून मी पेंटर झालो. साल 1973. आदल्या वर्षीचा दुष्काळ अजून सरला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, अर्धं गाव खडी फोडायला जात होतं, आणि कामावर मिळणारी सुकडी आम्ही पोरं खिशात भरून शाळेत नेत होतो. रेशनवर मिलो मिळायची. त्या लाल जोंधळ्याची भाकरी तव्यावरच तडकायची.

आमच्या गावात चैत्रात सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनाने उठतो. नेवासं तिथून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठाला. त्या वर्षी भजनी मंडळाची बैठक मारुतीच्या पारावर झाली आणि सप्ताह करायचा की नाही इथूनच वादाला सुरुवात झाली. गावाला प्यायला पाणी नाही, बाहेरगावच्या टाळकऱ्यांना काय घालणार? तेव्हा आमचे म्हातारे विणेकरी एवढंच म्हणाले, "वीणा उभ्यानं उपाशी राहती. तिला काय लागतंय?" ठरलं. प्रत्येक घरातून माणशी एक भाकरी यायची आणि बुंदी औंदा बंद.

राहता राहिला फलक. तालुक्याचा पेंटर रोख मागत होता. आमचे गुरुजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा लिहील. याचं अक्षर बरं आहे." बरं अक्षर असणं आणि पाच हात मांजरपाटावर वीतभर उंचीची अक्षरं काढणं यांत किती अंतर आहे, ते गुरुजींना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

रंगाचं तंत्र मला त्या पेंटरच्याच हाताखालच्या पोराने चोरून सांगितलं. मांजरपाटाला आधी खळ लावायची आणि ताणून वाळवायचं. पावडरचा रंग सरसात कालवायचा; सरस कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर कापड घडी घालताना पापुद्रे सुटतात. दोरा खडूच्या भुकटीतून ओढायचा, दोन टोकांना दोघांनी ताणून धरायचा आणि मध्ये चिमटीत उचलून सोडायचा. टप्‌ असा आवाज येतो आणि कापडावर सरळ ओळ उमटते. ती टप्‌ ऐकायला आजही मला कीर्तनाइतकंच आवडतं. महाराज लोकांनी राग मानू नये.

'अखंड हरिनाम सप्ताह' एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. 'ह'ने फार छळलं. त्याच्या पोटातला वेढा दर वेळी वेगळ्याच अंगाला झुकायचा. खाली कार्यक्रम: पहाटे 4 ते 6 काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, 4 ते 5 प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री 9 ते 11 कीर्तन, नंतर जागर. फलक देवळासमोर दोन बांबूंवर चढला तेव्हा मी घरी जाऊन बसलो, लोक काय म्हणतात ते ऐकायला लागू नये म्हणून. कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या वर्षीही मलाच सांगितलं, यातच काय ते समजायचं.

आबा, म्हणजे माझे वडील, पारायणाला बसायचे. ते शाळेत गेले नव्हते. पण पुढे पाटावर पोथी उघडलेली, बोट ओळीवर, आणि शेजाऱ्याच्या सुरात सूर. शेजारचा पान उलटायचा तेव्हा तेही उलटायचे. ऐकून ऐकून त्यांच्या इतक्या ओव्या पाठ झाल्या होत्या की निम्म्या वेळी त्यांना शेजाऱ्याची गरजच पडत नसे. एकदा मी पाणी द्यायला गेलो तर सगळ्यांचा सहावा अध्याय चालू होता आणि आबांच्या पोथीत नववा होता. बोट मात्र अगदी लयीत सरकत होतं. मी तांब्या ठेवला आणि मागे फिरलो. घरी आईलाही बोललो नाही.

आता कोयत्याची गोष्ट. बहुतेक 1976 साल असावं. एव्हाना मला थोडा माज आला होता. अक्षरांना सावल्या देऊ लागलो होतो, कोपऱ्यात एकतारी घेतलेली मीराबाई काढली होती. फलक चढला, चार जण येऊन छान म्हणून गेले. त्यात गुरुजीही होते. संध्याकाळी आबा रानातून आले, बैल बांधले, फलकासमोर उभे राहिले आणि मला हाक मारली.

"ह्या अक्षरावरचा कोयता कुठं गेला रं?"

"कसला कोयता?"

"दरसाली असतो की. हितं, शेवटून दुसऱ्याच्या डोक्यावर."

मी पाहिलं. 'कीर्तन'मधला रफार राहून गेला होता. सगळ्या गावाने दिवसभर 'कीतन' वाचलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांना वाचता येत होतं. वाचणारा अक्षर बघत नाही, तो शब्द गिळून पुढे जातो. आबा बघत होते. त्यांच्यासाठी तो फलक म्हणजे नांगर, कोयते, विळे, गाठी अशी चित्रांची रांग होती आणि त्यातलं एक औजार जागेवर नव्हतं. मी शिडी लावून रफार दिला. आबा खालून म्हणाले, "आता धार आली."

पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो. आर्ट टीचरचा डिप्लोमा केला आणि 1980 साली नोकरी मिळाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात. देशावरच्या माणसाला तिथला पाऊस पहिली दोन वर्षं शिक्षा वाटतो. शाळेत मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं बसवायचो, स्थिरचित्रासाठी सुरई आणि दोन लिंबं मांडायचो, आणि परीक्षेआधी लिंबं कोण पळवतं याचा तपास करायचो. सुट्टीत मात्र वेगळाच धंदा. तिथल्या वाड्यांमध्ये नमन चालतं, पूजेला नाटक होतं, आणि नाटकाला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, रस्ता हे तीन पडदे असले की कुठलंही नाटक उभं राहतं. ते मी रंगवले. जंगलाच्या पडद्यात मी माड न काढता बाभळी काढल्या, म्हणून एका वाडीतल्या म्हातारबांनी मला बरंच ऐकवलं होतं. "मास्तर, हे कुठलं जंगल? हितं सीता पळवायला रावण येतलो तरी लपतलो खंय?"

चैत्र आणि वार्षिक परीक्षा एकाच वेळी येतात, त्यामुळे लागोपाठ काही वर्षं मला सप्ताहाला गावी जाता आलं नाही. फलक मात्र गेला. मी तो खोलीत जमिनीवर पसरून लिहायचो, गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधायचो आणि एस.टी.च्या पार्सलने पाठवायचो. दोनदा गाड्या बदलून तो नेवाशाच्या स्टँडवर उतरायचा, तिथून कोणीतरी सायकलवर न्यायचं. एका वर्षी पार्सल काला झाल्यावर पोचलं. मंडळाने ते पुढल्या वर्षी वापरलं. मी तारखा लिहिल्या होत्या, त्या त्यांनी चुना लावून पुसल्या आणि कोणीतरी कोळशाने नव्या तारखा घातल्या. मी 1986 साली बदली करून परत आलो तेव्हा तो फलक पाहिला आणि मला स्वतःच्या सगळ्या चांगल्या फलकांपेक्षा तोच जास्त आवडला.

लग्न 1983 सालचं. बायको गोधड्या शिवणारी. म्हणजे सगळ्याच बायका तेव्हा शिवायच्या, पण हिला त्यात डोळा होता. जुनं लुगडं, धोतर, फाटका सदरा, यांतला कुठला रंग कुठल्याशेजारी बसवायचा ते तिला शिकवावं लागलं नाही. उलट मीच तिच्याकडून दोन गोष्टी शिकलो आणि त्या वर्गात माझ्या म्हणून सांगितल्या. गोधडीच्या आत भरण लागतं. सप्ताह उठला की मंडळ जुना फलक आम्हाला परत द्यायचं, तो ती दोन-तीन पाण्यांतून काढायची आणि आत घालायची. सरसाचा रंग धुतला तरी पूर्ण जात नाही. वरचं लुगडं विरलं की आतून अक्षरं डोकावायची. आमची दोन्ही पोरं 'हरिना' आणि 'पहाटे 4 ते' यांच्याखाली झोपून मोठी झाली. थोरल्याने पहिलीत जायच्या आधी ओळखलेलं पहिलं अक्षर 'ह' होतं, तेही पालथं, कारण तो भाग उलटा शिवला गेला होता.

आबा 1994 साली गेले. पहाऱ्याची त्यांची वेळ रात्री 2 ते 4 होती. सप्ताहभर वीणा खाली टेकवायची नसते, दर दोन तासांनी माणूस बदलतो, आणि रात्रीचे पहारे घराण्यात चालत येतात. दुसऱ्या वर्षी मंडळाने मला विचारलं नाही, फक्त यादीत आबांच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं. त्या यादीचं अक्षर भयंकर होतं.

मी काही मोठा श्रद्धावान नाही. तरुणपणी तर देवळात मी रंगाची बादली घेऊनच जायचो, हात जोडायला नाही. पण रात्री दोनला समोरचा माणूस वीणा तुमच्या गळ्यात घालतो, तुमच्या पाया पडतो, तुम्ही त्याच्या पडता, आणि तो घोंगडी घेऊन निघून जातो. मग तुम्ही, समईची वात, आणि कोपऱ्यात टाळ उशाशी घेऊन घोरणारे दोघं. 'रामकृष्णहरी' म्हणत दोन तास उभं राहायचं. पहिल्या अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. तासाभराने विचार संपतात. त्यानंतर जे होतं ते चित्र काढताना कधीकधी होतं तसंच असतं, आणि दोन्हीबद्दल मला नीट सांगता येत नाही.

एक मात्र सांगतो. ज्ञानेश्वरीत मला माउलींच्या खालोखाल जवळचा वाटतो तो सच्चिदानंदबाबा. शके 1212, म्हणजे 1290 साली, नेवाशाला माउली पैसाच्या खांबाला टेकून सांगत होते आणि हा लिहून घेत होता. अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या ओवीत त्याचं नाव येतं, 'लेखकु' म्हणून, आणि पोथी मिटते. नऊ हजारांवर ओव्या. त्याचा हात दुखला असेल का, बोरू किती वेळा तासला असेल, रफार कुठे राहिला असेल का आणि तो कोणी दाखवला असेल का, हे मी पहाऱ्यावर असताना पुष्कळदा मनात घोळवलं आहे. मुलांची सहल घेऊन नेवाशाला गेलो की सगळी मुलं खांबाला हात लावून पुढे जात आणि मी खांबावर कोरलेली अक्षरं बघत मागे राहत असे. शिपाई मला शोधत यायचा.

मग फ्लेक्स आला. मंडळातल्या तरुणांनी एके वर्षी माझ्याकडे फोटो मागितला. मला वाटलं, मीराबाईचा. तर तो माझाच, पासपोर्ट साइज, बोर्डाच्या खालच्या रांगेत लावायला. वर पुढारी, मध्ये महाराज, खाली आम्ही, आणि या सगळ्यांच्या मध्ये मावलं तर पांडुरंग. बायकोने फोटो बघून सांगितलं, "तुमचं तोंड पाच हातांचं काय करायचं? गोधडीत तरी घालता येतंय का ते?" मी रागावलो नाही असं म्हणणं खोटं होईल. दोन वर्षं मी फक्त पहाऱ्यापुरता गेलो. नंतर मंडळानेच देवळाच्या ओट्यावर एक काळा फळा बसवला आणि रोजचे कीर्तनकार, त्यांचा अभंग, अन्नदात्याचं नाव लिहायचं काम मला दिलं. खडूचं अक्षर रोज पुसायचं. ते मला मांजरपाटापेक्षा बरं वाटू लागलं.

2020 सालच्या चैत्रात लॉकडाउन होतं. सप्ताह बसला नाही. मी तरीही रोज संध्याकाळी फळ्यावर हरिपाठातला एक चरण लिहून यायचो, रस्ता रिकामाच असायचा, आणि सहा वाजता ज्याच्या त्याच्या ओट्यावरून हरिपाठ सुरू व्हायचा. सूर एकमेकांत मिसळत नव्हते. वरच्या आळीची माणसं खालच्या आळीच्या एक ओळ पुढे होती.

थोरला पुण्याला असतो. देव मानत नाही, माझ्याशी त्यावर वाद घालतो, आणि काल्याच्या दिवशी न चुकता येऊन कमरेला उपरणं बांधून पंगत वाढतो. बुंदीच्या घमेल्यामागे त्याच्याइतका भरवशाचा माणूस आमच्या मंडळाकडे नाही. यंदा तो आदल्या रात्रीच आला. मी पहारा संपवून चारला वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली आणि बाहेर आलो तर हा कमानीखाली मोबाइलचा उजेड धरून वर बघत उभा.

"बाबा, हे बघितलं का? वेलांटीने कूस बदललीय."

फ्लेक्सवर 'काल्याचे किर्तन' छापलं होतं, हातभर उंचीच्या अक्षरांत, पिवळ्यावर लाल. सात दिवस मी त्याच्याखालून जा-ये करत होतो. सकाळी त्याच्याखालून हजार माणसं जेवायला येणार होती.

घरात पिवळा ऑइल पेंट नव्हता. ओसरीच्या दाराला लावलेल्यातला थोडा डब्यात सुकत आला होता, त्यात टर्पेंटाइन घालून घोटला. लाल मात्र होता. थोरल्याने शिडी धरली, बायको दारात उभी राहून म्हणाली, पडलात तर मी दवाखान्यात येणार नाही, माझ्या पुरणाचा कट उकळतोय. ह्रस्व वेलांटी पुसायला सोपी गेली. दीर्घ काढताना हात थोडा थरथरला, वळण जरा मोठं झालं, शेजारच्या पुढाऱ्याच्या कानापर्यंत गेलं. तोपर्यंत आत काकड्याची पेटी सुरू झाली होती.

"रफार आहे ना?" मी वरून विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "कोयता जागेवर आहे."